क्लेम बॅसेटची टेकडी

आमचा शेजारी क्लेम बॅसेट सांगतो, की टास्मानियाच्या नैऋत्य रानात तो दुसऱ्यांदा गेला, तो फक्त पडलेला पाइप आणायला. त्याच्या बायकोला, डल्सीला, हे पटतं. मला नाही, कारण पहिल्या खेपेला मीही सोबत होतो.

छत्तीस साली सरकारी मोजणीदार हॅलोरन त्या कोऱ्या मुलखाचा नकाशा करत होते. क्लेम वाट तोडायचा. मी पिठाची पोती वाहायचो आणि कुरकुर करायचो. समोरासमोर दोन टेकड्या लागल्या. हॅलोरन म्हणाले, "दोघं एकेक माथ्यावर काठी रोवा. मी दुर्बिणीतून उंची घेतो. जी टेकडी उंच, तिला काठी रोवणाऱ्याचं नाव."

माझ्या वाट्याला उघडा खडक आला, क्लेमच्या वाट्याला आडव्याचं रान. ही झाडं वाढतात, आपल्याच भाराने आडवी होतात, त्यांना पुन्हा फुटवे येतात. शेवटी माणूस जमिनीवर नव्हे, बाजेसारख्या विणलेल्या फांद्यांवर चालत असतो. दोन दिवस कोयता चालवून क्लेमने काठी उभी केली. त्याची टेकडी एकोणीस फुटांनी उंच निघाली.

आम्ही गावी आल्या आल्या डल्सीने चर्चच्या दारात डांगोरा पिटला. क्लेम मात्र एकदा कुंपणाला रेलून म्हणाला, "टफनेल, काठी ठोकताना माझा पाइप पडला. तो खाली आपटल्याचा आवाज आलाच नाही."

"बरं, मग?"

"मग मी उभा कशावर होतो, लेका?"

"अरे, गप बस ना! नाव गेलं तर डल्सी घरात घ्यायची नाही तुला."

"कोठीत झोपेन. तिथली जमीन तरी खरी आहे."

सहा दिवस चालत गेला पठ्ठ्या. काठीच्या बुडाशी फांद्या करवतून, दोर सोडून खाली उतरला. खरी जमीन सव्वीस फूट खाली! गाठ मारलेला तो दोर त्याने नेऊन थेट हॅलोरनच्या टेबलावर ठेवला. तोंडात पाइप होताच.

नकाशा छापून आला. त्यावर टफनेल टेकडी आहे, सात फुटांनी उंच. डल्सीच्या मते मी हॅलोरनना बाटली पाजली. तेव्हापासून तिच्याकडचा केक मला बंद.

"माझ्या टेकडीवर यायचं तर विचारून ये हं," मी क्लेमला डिवचतो.

"येईन की. पण तू तिथे पीठ घेऊन पोचशील का?"

समोरच्या टेकडीवर नुसता उंचीचा आकडा छापलाय. त्यातला एकही फूट झाडाचा नाही.