पाचगणीची दोन पाकिटं

मामांचा उजवा अंगठा बारा महिने लाल असायचा. एकदा ते पलूसच्या कचेरीत कसलासा दाखला आणायला गेले, तर कारकुनानं त्यांचा अंगठा पाहिला आणि न विचारताच शाईचं पॅड पुढे सरकवलं. मामांनी खिशातलं पेन काढून इंग्रजीत झोकदार सही केली आणि पॅड परत त्याच्या बाजूला सरकवलं. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. बरोबर गेलेल्या शिपायानं सांगितलं.

सांगलीच्या आमच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मामा परिचर होते. मी साताऱ्याहून तिथे पीएच.डी.साठी गेले होते. सॉसेज, सलामी, नगेट्स असे पाकिटातले मांसाचे पदार्थ पेशीतल्या गुणसूत्रांना इजा करतात का, हा माझा विषय. तपासणी कांद्यावर चालायची. पदार्थाचा अर्क काढायचा, कांद्याची कोवळी मुळं दिवसभर त्यात बुडवून ठेवायची, मग मुळाचं टोक लाल रंगात भिजवून काचपट्टीवर घ्यायचं आणि वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं दाबायचं. नीट दाबलं तर पेशी पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं दिसतात. कमी दाबलं तर नुसता ढीग, जास्त दाबलं तर चोथा. माझा पहिला महिना चोथ्यात गेला.

“ताई, भाकरी थापल्यागत हात फिरवू नका,” मामा म्हणाले. “हितं हात फिरवायचाच न्हाई. सरळ खाली, आन् सरळ वर.” त्यानंतर काचा मामांनी दाबायच्या आणि मोजणी मी करायची, असं ठरून गेलं.

गुणसूत्रांना ते दोऱ्या म्हणत. पेशी दुभागताना दोऱ्या दोन टोकांना सरकतात. इजा झाली असेल तर एखादा तुकडा मधेच राहतो. असा तुकडा सापडला की मी त्यांना बोलवायची. ते चष्मा कपाळावर सरकवून डोळा लावत, बराच वेळ बघत आणि “तुटली खरी,” एवढंच म्हणत. आनंद नाही, हळहळ नाही.

कांदेही मामांचेच. बाजारच्या कांद्यावर काय फवारलंय कुणास ठाऊक, म्हणून पलूसजवळच्या आपल्या रानात ते दोन वाफे खास आमच्यासाठी काढत. नमुने मात्र सगळ्यांनी मिळून आणले. बाईंनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, वेगवेगळ्या गावांहून पाकिटं आणायला सांगितली होती. मामांनी पाचगणीहून सॉसेजची दोन आणली. “तिकडं लय खपत्यात,” म्हणाले. मोजणाऱ्याचं मन कुठं झुकू नये म्हणून बाटल्यांवर फक्त आकडे असत. कोणत्या आकड्याला कोणता पदार्थ, ते मामांना ठाऊक, आणि बाईंच्या कपाटातल्या बंद लिफाफ्याला. एकदा कंटाळून मी म्हणाले, “मामा, निदान साध्या पाण्याची बाटली कोणती तेवढं तरी सांगा.”

“सांगितलं तर तुमाला तितं काय दिसंल?” त्यांनी विचारलं आणि ते बाटल्या धुवायला निघून गेले.

पहिल्या दोन फेऱ्यांत इजा स्पष्ट दिसली. तळलेल्या सॉसेजच्या अर्कात सगळ्यांत जास्त. तिसरी फेरी झाली की प्रबंध पुरा होणार होता. साताऱ्याच्या एका कॉलेजात जागा निघाली होती, पदवी हातात असती तर ती मला मिळण्यासारखी होती. त्या फेरीत मुळं जरा उशिरानं फुटली, पण मी लक्ष दिलं नाही. मोजणी संपली, लिफाफा उघडला, आणि साध्या पाण्यातल्या कांद्यांतही तेवढीच तुटफूट निघाली. सॉसेज आणि पाणी यांत फरकच उरला नाही.

बाईंनी आकडे पुन्हा एकदा पडताळले. मग म्हणाल्या, “निघालं ते निघालं. फरक ठाम नाही, असंच लिहू या.” मलाही ते चालणार होतं. प्रबंध पुरा होत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा बाईंच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. “बाई, ही फेरी धरू नका. माजं कांदं सडलं पावसानं. ह्ये मी बाजारातनं आणलं, आन् तुमाला सांगितलं न्हाई. चूक माजी हाय.”

“आधी का नाही बोललात?” बाईंचा आवाज चढला होता.

“वाटलं, काय हुतंय. झालं.”

त्यांनी तोंड मिटलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. पुढचं पीक निघेपर्यंत चार महिने थांबावं लागलं. साताऱ्याची जागा दुसऱ्या कुणाला गेली. मी मामांशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत होते. त्यांनीही समजूत काढली नाही. वाफ्यातले पहिले कांदे मात्र त्यांनी पोत्यातून न आणता टोपलीत, पातीसकट आणले आणि माझ्या टेबलाखाली ठेवले. त्या फेरीत पाण्यातली मुळं स्वच्छ निघाली. सॉसेजमधली इजा पहिल्यासारखीच दिसली.

पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले. निरोपाला चहा आणि चिवडा होता. माझा प्रबंध तेव्हा मान्य झाला होता. चारचौघांत त्यांनी मला एवढंच सांगितलं, “ताई, आता काचा दाबाय शिका.” दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं तेव्हा मी पाटणला शिकवत होते. तेराव्याचेही दिवस उलटून गेले होते.

गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांची सहल घेऊन पाचगणीला गेले. एका गाडीवर मक्याची कणसं भाजणारा चाळिशीचा माणूस, नाकडोळे थेट मामांचे. मी मामांचं गाव सांगितलं, तर म्हणाला, “माझे वडील ते. कॉलेजात होते सांगलीला.”

त्याच्या गाडीवर आधी तळलेली सॉसेज मिळायची, असं बोलता बोलता त्यानं सांगितलं. मामांनी नमुन्यासाठी आणलेली ती दोन पाकिटं त्याच्याच मालातली होती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. म्हणजे आपल्या मुलाची बाटली कोणती, हे मामांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि ती बाटली निर्दोष ठरवणारी एकुलती एक फेरी त्यांनी स्वतः जाऊन मोडली होती.

“निकाल लागल्यावर आबा इथं आले,” तो सांगू लागला. “म्हणाले, तुझ्या मालात दोऱ्या तुटल्या. मी इचारलं, कांद्याच्या का माणसाच्या? म्हणाले, कांद्याच्या. माणसाचं अजून मला ठाव न्हाई, जेवढं ठाव हाय तेवढं सांगाय आलो. मी लय बोललो त्यांना. जमलेला धंदा होता ओ. वर्षभर बोलणं बंद होतं आमचं. मग मीच सॉसेज इकणं बंद केलं. आपला बाप उगं एवढा घाट चढून यायचा न्हाई, असं वाटलं.”

त्यानं एक कणीस उलटवलं.

“मी तवा इचारलं हुतं त्यांना, मोजलं कुणी? त्याला इकडं आणा, म्हणलं, बघतो त्याच्याकडं. आबा म्हणाले, दुसरं कोण न्हाई, मीच मोजलं.”

विद्यार्थी पलीकडे बसजवळ गोळा होऊ लागले होते. मी त्याला म्हणाले, “मोजलं मी होतं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग गाडीमागचं स्टूल ओढून पुढे ठेवलं आणि म्हणाला, “बसा की.”