पाटातून काढलेला नवरा

लग्न होऊन मी श्रीरामपूरला आले ते एकाहत्तर साल असावं. माहेर जामखेडकडचं. तिकडे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालायचं, आणि इथे भर गावातून पाट वाहत होता. मला त्याचं फार अप्रूप वाटे.

नवरा बँकेतून आला, की चहा घेऊन आम्ही पाटाच्या कडेनं फिरायला निघायचो. घाई कसलीच नसे. मला दुष्काळी भागातली समजून तो पाण्याबद्दल खूप काही समजावून सांगायचा. मी ऐकून घेत असे.

एका संध्याकाळी तो पाय धुवायला पायरीवर उतरला आणि शेवाळावरून घसरून थेट पाण्यात गेला. धुणं धुणाऱ्या बाया ओरडल्या. तो नुसता हात मारत होता, आणि पाणी त्याला पुढे नेत होतं. मी पदर खोचला आणि उडी मारली. मागून त्याची कॉलर धरली, पाण्याशी झुंजले नाही, हळूहळू कडेला सरकत राहिले. पुढच्या पायऱ्यांशी दोन बायांनी आम्हाला वर ओढलं.

खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "तुला पोहता येतं?"

"आमची विहीर पावसाळ्यात काठोकाठ भरायची. वडिलांनी सातव्या वर्षी कमरेला भोपळा बांधून ढकललं. तुम्हाला येत नाही?"

"आईनं कधी पाण्यात उतरूच दिलं नाही." मग हळूच म्हणाला, "घरी काय सांगायचं?"

"तुम्ही पडलात, मी काढलं. आणखी काय?"

तसंच सांगितलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी कोरडा टॉवेल आधी माझ्या खांद्यावर टाकला. "पोरी, तू होतीस म्हणून," एवढंच म्हणाल्या आणि चुलीवर पाणी तापवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं. आठवड्यानं शेजारच्या तीन मुली आल्या, "वहिनी, आम्हाला शिकवाल?" गावाबाहेर ओळखीच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर होती. दर रविवारी सकाळी मी त्यांना तिथे नेऊ लागले. काहींनी नाकं मुरडली. मी लक्ष दिलं नाही. महिन्याभरात तिघीही तरंगू लागल्या.

त्यानंतर नवऱ्यानं विचारलं, "पुरुषांना शिकवतेस का?"

"शिकवते की. पण मी सांगेन ते ऐकावं लागेल."

त्याला मात्र तीन महिने लागले.