ताई गप्प बसायला शिकली

ताईला गप्प बसायला शिकवण्यासाठी बाहेरून एक बाई आणाव्या लागल्या, हे तिला ओळखणाऱ्या कुणालाही खरं वाटणार नाही. मी तिचा धाकटा भाऊ, म्हणजे तिच्या हुकमाखाली वाढलेला पहिला इसम. लहानपणी मला खोकला झाला की डॉक्टर तपासायचे मला आणि विचारायचे तिला. मी तोंड उघडायचो ते फक्त जीभ दाखवायला.

ताई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई विभागाची सुपरवायझर होती. तिथल्या बायकांची लहान मुलं दिवसभर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भरवशावर असायची. ताई हात धुवून मालकांच्या मागे लागली, फाटकाजवळची खोली मिळवली आणि पाळणाघर सुरू केलं. चालवायला बायकांची समिती केली, पण ती नावालाच. बैठकीत ताई विचारायची, "मग काय करायचं?" आणि कुणी श्वास घ्यायच्या आत उत्तरही तीच द्यायची. बायका माना डोलवून कामाला जायच्या. बाटलीचं बूच सापडलं नाही तरी "ताईंना विचारा."

मग ताईची निवृत्ती जवळ आली. मॅनेजरसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, "खोली तुमच्या शब्दावर दिली होती. तुमच्यामागे जबाबदारी घेणारं कुणी दिसलं तर ठेवू, नाहीतर खोली स्टोअरला जाईल."

आता स्टोअर म्हणजे मीच, त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळणारा. सुताचे खोके ठेवायला मला जागा नव्हती आणि ती खोली मला हवी होती. हे मी तिच्या तोंडावर सांगितलं, तेव्हा तिने मला जेवायला बोलवणं बंद केलं.

गावोगावच्या वस्त्यांमध्ये लोकांचे गट उभे करायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. ताई त्यांच्या वर्गाला गेली ती मोठ्या तोऱ्यात, जणू शिकवायलाच निघाली होती. बाईंनी तिला एक बैठक चालवायला लावली. बैठक झाल्यावर विचारलं, "तुम्ही छान बोललात. बाकीच्या काय म्हणाल्या?" ताईला काही म्हणजे काही आठवेना. हे मला सांगताना तिचा चेहरा इतका उतरला होता की माझा सगळा चेष्टेचा मूड गेला.

बाईंनी जो उपाय दिला तो मात्र अगदीच पोरकट होता. प्रश्न विचारायचा, लगेच पाण्याचा घोट घ्यायचा आणि समोरचीचं बोलणं संपेपर्यंत तो तोंडातच धरायचा. मी म्हटलं, "मग मिठाचीच गुळणी धर की!" ताईने नुसते डोळे वटारले. तोंडात पाणी होतं.

बायकांना वाटलं, ताईंची दाढ दुखतेय. एकीने लवंगही आणून दिली. पण समोरचा माणूस गप्प बसला की बैठकीत फार अवघड होतं, कुणालातरी बोलावंच लागतं. एका बैठकीत इस्त्रीवाली बोलली. ही इस्त्रीच्या टेबलावर काम करणारी, नेहमी मागे बसणारी. म्हणाली, आपण जेवणाच्या, चहाच्या सुट्ट्या पुढेमागे घेतल्या तर पाळणाघरात कायम कुणीतरी राहील. ताईला वाटत होतं, हे जमणार नाही, तरी तिने करू दिलं. पहिल्याच दिवशी सगळ्यांची सुट्टी एकदम पडली, नंतर खोलीत कुणीच उरलं नाही आणि मुलांनी रडून खोली डोक्यावर घेतली. ताईचे हात शिवशिवत होते. तिने फक्त विचारलं, "उद्या काय बदलाल?" आणि पाणी तोंडात घेतलं. बायकांनी भांडूनतंडून पाळ्या नव्याने लावल्या, आणि त्या चालल्या.

शेवटी साहेबांनी समितीला बोलावलं. खोलीवर हक्क सांगणारा म्हणून मीही होतो. साहेबांनी विचारलं, "ताई गेल्यावर एखादं मूल आजारी पडलं तर निर्णय कोण घेणार?"

सगळ्यांनी ताईकडे बघितलं. ताईने पेला उचलला.

इस्त्रीवाली रुमाल पिळत होती. साहेबांनी घड्याळाकडे नजर टाकली. ताईचे गाल फुगलेलेच होते. खोली मला हवी होती, तरी मी मनात इस्त्रीवालीला म्हणत होतो, बोल बाई, बोल.

"आम्ही घेऊ," इस्त्रीवाली म्हणाली. "जिची पाळी असेल ती घेईल. आईला निरोप धाडायचा आणि तिची वाट न बघता दवाखाना गाठायचा. चुकलं तर आम्ही चुकलो. ताईंना विचारत बसणार नाही."

"म्हणजे ताईंची गरज नाही?"

तिने ताईकडे बघितलं. डोळे भरले होते. "नाही साहेब. आता नाही लागणार."

ताईला जोराचा ठसका लागला. साहेबांना वाटलं, ती रडतेय. ती रडतही होतीच. खोली समितीच्या नावावर झाली आणि माझे खोके अजून जिन्याखाली आहेत.

निवृत्तीनंतर ताई बरेच दिवस तिकडे फिरकली नाही. मग एका दुपारी चिंध्यांचे चेंडू शिवून घेऊन गेली. दारात नवीनच कामाला लागलेली एक मुलगी होती.

"कोण पाहिजे?"

"मी ताई."

"कुणाची ताई? ओळखीचं कुणी असल्याशिवाय आत नाही सोडत आम्ही. बसा त्या बाकावर, सुट्टीत येईल कुणीतरी."

ताई बसली. इस्त्रीवालीने लांबून बघितलं आणि ती धावत आली. "अगं, कुणाला बसवलंस बाहेर, कळतंय का तुला?" म्हणून त्या मुलीवर ओरडायला लागली. ताईने तिला थांबवलं. म्हणाली, "तिचं बरोबर आहे."

संध्याकाळी हे मला सांगता सांगता ताई रडायला लागली.

"बरोबर होतं तर रडतेस कशाला?"

"वाईट वाटलं रे. माझंच दार ते." तिने नाक पुसलं. "मी बाहेर बसले होते ना, तेव्हा आत एक बाळ रडायला लागलं. मी उठणार, तेवढ्यात कुणीतरी उचललंसुद्धा त्याला."