आवडाबाईंनी फादरांना विचारलेला नियम

आवडाबाई त्रिभुवन संभाजीनगरात आमच्या चर्चच्या लग्नपूर्व शिबिरात बावीस वर्षं शिकवत होत्या. विषय असा, की मुलगे माना खाली घालायचे आणि मुली ओढणीत हसायच्या. मूल थांबवायला चर्चला गोळी चालत नाही, ऑपरेशन चालत नाही. बाईनं अंगाची लक्षणं ओळखून तक्त्यावर रोज खूण करायची, आणि दिवस जायची शक्यता असेल तेव्हा नवराबायकोनं लांब राहायचं. तक्त्यासाठी चौकटींच्या वह्या मी शहागंजातून आणून द्यायचे. एवढंच माझं काम.

त्यांची लेक सोनिया. जावई शिवराज वाळूजच्या कारखान्यात. सोनियाचं तिसरं सीझर ठरलं, तेव्हा डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, "पिशवी पातळ झालीय. चौथं मूल जिवावर बेतेल. आत्ताच नसबंदी करून टाकू."

"आई, मला भ्या वाटतंय. करू दे ना," सोनिया म्हणाली.

आवडाबाई मला घेऊन तडक फादरांकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगून त्यांनी विचारलं, "फादर, नियम काय म्हणतो?"

फादरांनी नीट समजावलं. पिशवीला आजार असेल तर ती काढता येते. मूल थांबतं, तो त्याचा परिणाम. पण नुसती कमजोर आहे, मूल नको, म्हणून नस बांधणं चालत नाही. आवडाबाई समाधानानं उठल्या. आजारी आणि कमजोर यांतला फरक फादरांना कळत होता, सोनियाच्या पिशवीला कुठून कळणार?

दवाखान्यात त्यांनी नसबंदीच्या संमतीचा कागद शिवराजच्या हातातून काढून घेतला. "म्या हाय ना! तक्ता म्या शिकवते तिला." शिवराजनं पेन परत खिशाला लावलं. मीही त्यांना अडवलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

सोनियानं इमानानं खुणा केल्या. पण अंगावर पाजणाऱ्या बाईची लक्षणं धड कळत नाहीत, हे आवडाबाईच शिबिरात सांगायच्या. वर्षाच्या आत दिवस गेले. सातव्या महिन्यात पिशवी फाटली. सोनिया गेली, बाळही गेलं.

सोनिया जाऊन महिना झाला, तिच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा म्हणजे प्रार्थना झाली, त्यानंतर फादर घरी आले. डोळे पुसत म्हणाले, "आवडाबाई, माणसाच्या सदसद्विवेकालाही चर्च मान देतं. सोनिया-शिवराजला माझ्याकडे आणलं असतं, तर बसून बोललो असतो."

"मंग त्या दिशी का नाय सांगितलं?"

"तुम्ही फक्त नियम विचारलात."



"व्हय," आवडाबाई म्हणाल्या. "पोरगी भ्याली व्हती, हे म्या तुमाला सांगितलंच नाय."