हुलिओकाकांचं यादीत नसलेलं गाव

जर्मन शिकायला गेले आणि भाषेपेक्षा किस्सेच जास्त साठले! रेगेन्सबर्गच्या आमच्या कोर्समध्ये बाराजण होतो, पण निम्मे किस्से एकट्या हुलिओकाकांचे. वय साठीचं, इथे मुलीकडे आलेले. ‘काका’ मीच केलं त्यांना. पुण्याची सवय, दुसरं काय!

पहिल्याच आठवड्यात आमच्या शिक्षिका फ्राऊ होफरबाईंनी त्यांना विचारलं, “भावंडं किती आहेत?”

काका म्हणाले, “सात होती.”

“‘आहेत’ म्हणा! भूतकाळ पुढच्या धड्यात!”

काकांनी निमूट खोडून ‘आहेत’ लिहिलं.

मधल्या सुट्टीत मोडक्या जर्मनमध्ये त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या देशात यादवी होती. सैन्याने अख्खं गाव मारलं. हे शेळ्या घेऊन डोंगरावर होते, म्हणून वाचले.

मी बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भूतकाळ गाळून थेट भविष्यकाळ घेतला!

*

एकदा मी काकांसोबत आम्टमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी कचेरीत गेले. त्यांचं जन्मगाव कॉम्प्युटरच्या यादीत सापडेना.

“आल्झो, असं गावच नाहीये!” क्लार्क म्हणाला.

“गेनाऊ! अगदी बरोबर!” काका एकदम खूश. गाव उरलं नाही, हे कुठल्यातरी सरकारने पहिल्यांदाच मान्य केलं होतं!

*

निबंधाचा विषय होता, ‘एक भेटवस्तू’. काकांनी लिहिलं, “एका बड्या परदेशी सरकारने आमच्या देशाला हेलिकॉप्टरं भेट दिली. पिकांवर औषध फवारायला. आमच्या गावात सैनिक त्यांतूनच उतरले.”

व्याकरणाची एकही चूक नव्हती. बाई लाल पेन धरून नुसत्या बसल्या.

“मार्क द्या हो,” काका म्हणाले. “भेट देणाऱ्या साहेबाला तर मेडल मिळालं!”

*

त्याच परदेशी सरकारला काका वर्षानुवर्षं पत्रं लिहायचे. गेल्या हिवाळ्यात चक्क उत्तर आलं! इंग्रजीत होतं, म्हणून ते घेऊन माझ्या किचनमध्ये आले. बूट पुसून, शर्टाला इस्त्री करून.

मी वाचून अर्थ सांगायला लागले. “आदरणीय महोदय, आपल्या पत्राची आम्ही गंभीर दखल घेतली आहे. तथापि, सदर गावातील कोणीही जिवंत राहिल्याची नोंद नसल्यामुळे, साक्षीदाराअभावी, घटनेला दुजोरा देता येत नाही.”

मी कागद खाली ठेवला. काका म्हणाले, “परत वाच.”

परत वाचलं. चहा तसाच गार झाला.

“उत्तर लिही.”

“काय लिहू, काका?”

“पत्र मिळालं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मग माझ्या हातातून पेन घेऊन त्यांनी खाली सही केली. सावकाश, पूर्ण नावानिशी, गावाच्या नावासकट.