पहिला पेला सरांचा

माझा थोरला भाऊ मुलींना कबड्डी शिकवायचा आणि त्याला दिवसाला एकच लिटर पाणी प्यायची परवानगी होती. त्या लिटरात चहा आला, डाळीचं पाणी आलं, गोळी गिळायचा घोटही आला. दोन्ही मूत्रपिंडं संपावर गेली होती. गिरणगावात वाढलेली ती, दादा म्हणायचा, एकदा संपावर गेली की कामावर परत कुठली येतायत. आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिस आणि बाकीच्या दिवशी संध्याकाळी लालबागच्या आमच्या मंडळाच्या मैदानावर शिट्टी. मुलींना यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं तर त्या त्याच्यासमोर ओरडायच्याही बंद होतील, असं त्याचं म्हणणं.

वहिनी रोज सकाळी लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवत. त्याला जे काही प्यायचं ते त्यातूनच. संध्याकाळी बाटलीत किती उरलंय यावरून घराचा मूड ठरायचा.

स्पर्धेच्या आधी करी रोडच्या टॉवरमध्ये जिम चालवणाऱ्या एका गृहस्थाने आमच्या संघासाठी निळ्या पेयाचे दोन खोके पाठवले, वर ताकदीच्या पेयाचे डझनभर डबे. मुली हरखल्या. मी तर एक बाटली उघडून अर्धी संपवलीसुद्धा. निळं पिऊन जीभ निळी झाली की आपण खेळाडू झालो असं वाटतं. दादाने चष्मा लावला, बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली आणि साखरेच्या डब्यातून चमचा चमचा वाटीत काढत गेला. सातव्या चमच्याला मी बाटली खाली ठेवली.

“एका सामन्याला साधं पाणी पुरतं,” तो म्हणाला. “दिवसात तीन सामने, वर हे ऊन, तर घामातून गेलेलं मीठ परत द्यायचं. जोडीला थोडी साखर. संपलं.”

“आणि हे डबे?”

“त्यात कॅफीन. छाती धडधडायला समोरची रेडर आहे की.”

मग आम्ही आमचं पेय ठरवायला बसलो. आमसुलं गावची, भिजवलेली. साखर आणि मीठ चमच्याने मोजून. ओट्यावर आठ पेले मांडले. चाखायचा मान माझा, कारण दादाला गिळायची बंदी. मी प्रत्येक पेला उजेडात धरून गोल फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि राजवाड्यातल्या आचाऱ्यासारखा निकाल दिला. “तिसरा उत्तम. सातवाही उत्तम. दोन्हींत फरक काय?”

“जीभ आसा की चपलेचो तळ ती?” दादा म्हणाला.

शेवटी त्याने स्वतःच घेतलं. थेंबभर जिभेवर, क्षणभर डोळे बंद, आणि मोरीत थुंकी. आठही पेले असेच. वहिनी दारात उभ्या होत्या. मी काहीतरी विनोद करणार होतो, तेवढ्यात मला त्याचा गळा दिसला. तोंडात काही नसताना तो गिळत होता.

पाचवा पेला ठरला. लिटरला सहा सपाट चमचे साखर, मीठ अर्ध्या चमच्याच्याही आत, चार आमसुलं.

आमच्या मंडळात एक रीत आहे. खेळाडूंसाठी पिंप भरलं की पहिला पेला कोच पितो. त्याच्या आधी कुणी हात लावत नाही. कधी कुणी का सुरू केली, माहीत नाही. पण मुली ती देवाच्या नैवेद्यासारखी पाळतात. सरावाला मुली आपापल्या बाटल्या आणत, तेव्हा निभावून जाई. स्पर्धेच्या दिवशी पिंप भरलं आणि माझी खरी भूमिका सुरू झाली. पहिल्या सामन्याआधी मी दादाचा पेला हिसकावला. “धाकट्याचा हक्क,” असं म्हणत गटकन प्यायलो. मुली खवळल्या. दुसऱ्या सामन्याआधी मला भोवळ आली. दादाचा पेला पाजल्यावर लगेच गेली. ऑफिसच्या नाटकांत पंधरा वर्षं मी फक्त मरायच्या भूमिका केल्यात, त्यांचा असा उपयोग झाला.

तिसरा सामना अंतिम. मी पिंपाकडे पोचायच्या आत कॅप्टनने पेला भरला होता. गुडघ्याला पट्टी, कपाळावर माती, दोन्ही हातांत पेला.

“सर, काकांना देऊ नका हं. पहिला तुमचा.”

बाकीच्या सहा जणी मागे उभ्या. दादाने माझ्याकडे पाहिलं. धक्का द्यायचा, पेला सांडायचा, एवढंच काम होतं, आणि मी दोन पावलांवर होतो.

तो प्यायला. सगळा पेला, सावकाश, मान मागे टाकून.

“मीठ बरोबर पडलंय,” तो मुलींना म्हणाला. “जा.”

त्या जिंकल्या. पण मिठाने तहान उघडली होती. मुली नाचत होत्या तेव्हा तो पिंपाशी जाऊन आणखी प्यायला, किती ते मी मोजलं नाही. पहाटे त्याला श्वास घेता येईना. दवाखान्यात वजन साडेतीन किलो जास्त भरलं. वहिनींनी विचारलं, कुणी दिलं पाणी? दादा मास्कच्या आतून म्हणाला, “मीच चोरून प्यायलो.” वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर तोंड बंद न ठेवलेला मी तेव्हा गप्प बसलो.

तो वाचला, पण मैदानावर परत गेला नाही. चार महिन्यांनी तो वारला. डॉक्टर म्हणाले, त्या दिवसाचा यात संबंध नाही, हृदय आधीच थकलं होतं. वहिनी मात्र अजून सगळ्यांना सांगतात की त्याने त्यांचं ऐकलं नाही, चोरून प्यायला.

वहिनी, तो चोरून प्यायला नाही. पहिला पेला सगळ्यांसमोर दिला गेला आणि अडवायचा मी होतो. मला जमलं नाही असंही नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तो पोटभर पाणी पीत होता, आणि मला ते बघत राहावंसं वाटलं.