बिरसी ते कोल्हापूर, दीड तास

माझ्या लग्नाला बाबांचा विरोध जातीवरून नव्हता, पगारावरूनही नव्हता. तो किलोमीटरवरून होता. आम्ही बालाघाटचे, मुलगा कोल्हापूरचा. मुलगी द्यायची तर दुपारच्या चहाला येऊन परत जाईल एवढ्याच अंतरावर, हा बाबांचा कायदा. थोरल्या बहिणीला त्यांनी किरनापूरला दिलं. ती इतक्यांदा चहाला येते की आई लोणच्याची बरणी कुलपात ठेवते.

बाबांनी सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत काढलेली. माणसाचा शब्द त्यांना चालत नाही, आकडा चालतो. म्हणून मी आकडा शोधला. कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं हवाई अंतर आणि लागणारा वेळ सांगणारी एक वेबसाइट मला सापडली. मी आमच्या घराला जवळचं, गोंदियाशेजारचं बिरसी आणि कोल्हापूर टाकलं. आठशे किलोमीटरच्या थोडं वर, वेळ साधारण दीड तास. या दोन धावपट्ट्यांमध्ये विमान उडतं की नाही, याची जबाबदारी त्या वेबसाइटने घेतलेली नव्हती. मीही घेतली नाही.

बाबांनी शाळेतला भारताचा नकाशा काढला, पट्टी लावली, प्रमाण बघितलं, चष्मा पुसून पुन्हा पट्टी लावली. ‘‘आकडा बरोबर हाय,’’ ते म्हणाले. ‘‘दीड तास? इथून लामत्याची बस याच्याहून जास्त टाइम घेते!’’ एवढा कसलेला मोजणीदार, पण ‘विमान आहे का गं?’ हे काही त्याने विचारलं नाही. लग्न झालं.

मग सुरू झाली माझी थापेबाजी. कोल्हापूरहून गाडीत बसायचं, एक अख्खा दिवस नि रात्र अंबाडा विस्कटत गोंदियाला उतरायचं, वेटिंग रूममध्ये तोंड धुवायचं, पावडर लावायची आणि घरी ताजीतवानी हजर व्हायचं. नवरा एकदा ‘पाठ मोडली’ म्हणाला, तर मी त्याच्या पायावर पाय दिला. ‘‘वरून वैनगंगा दिसली काय?’’ बाबा कौतुकाने विचारायचे. ‘‘दिसली ना, चांदीच्या तारेसारखी,’’ मी निर्लज्जपणे सांगायचे. हे ते चौकात जाऊन लोकांना ऐकवायचे.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी आठला बाबांचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती, पायाचं हाड मोडलं होतं. ‘‘घाबरू नको, पलस्तर करून राह्यले. पण आई तुझंच नाव घेऊन राह्यली. जेवणापर्यंत ये.’’

आता पावडर लावून भागणार नव्हतं.

‘‘बाबा, विमान नाही.’’

‘‘आज नाही?’’

‘‘कधीच नव्हतं. मी रेल्वेने येते. सव्वा दिवस लागतो.’’

मी शिव्यांची वाट बघत राहिले. त्या मला हव्याच होत्या.

‘‘सव्वा दिवस येणं, सव्वा दिवस जाणं,’’ बाबा सावकाश म्हणाले. ‘‘अन् दोन दिवसांत वापस जात होती तू. दीड तासाचीच तर गोष्ट हाय, म्हणून मी तुले कधी थांब बी म्हणलं नाही.’’